लोकल हवी? मग आधी लेखी नकार मिळवा

पुण्याजवळ मांजरी, लोणी किंवा उरुळी कांचनला नवा फ्लॅट घेतलेल्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत दोन शोध लागतात. सकाळी साडेआठला थेऊर फाट्यावरून निघालं तर हडपसर गाडीतळाला कधी पोचू, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, हा पहिला. दुसरा शोध गॅलरीत उभं राहिल्यावर लागतो: समोर रेल्वे आहे. रूळ दुहेरी आहेत, वर विजेच्या तारा आहेत, मालगाड्या आणि एक्सप्रेस धडाडत जातात. मग कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतं, ‘इथून लोकल का नाही?’ दोनशे अंगठे वर येतात आणि विषय तिथंच संपतो.

पुढे काय करायचं, ते इथं लिहितोय. २०१७ च्या मार्चमध्ये पुणे–दौंड डेमू, म्हणजे डिझेलवरची कमी पल्ल्याची गाडी, सुरू झाली तेव्हापासून मी या खटपटीत आहे. आधी नुसता पासधारक होतो, मग निवेदनं लिहिणारा झालो, आता नव्या लोकांना ‘असं करू नका’ सांगणारा म्हातारा झालोय. एवढ्या वर्षांत कळलं ते इतकंच, की रेल्वेचा होकार मागत फिरण्याआधी तिचा नकार कागदावर घ्यावा. तोंडी नकाराला कारण लागत नाही. ‘बघू’, ‘वरून यायला पाहिजे’, ‘प्रस्ताव गेलाय’ एवढ्यावर भागतं. लेखी उत्तरात मात्र काहीतरी कारण लिहावंच लागतं. आणि कारण हातात आलं, की काम कुठं करायचं ते कळतं.

आधी आहे ते नीट बघा

पुण्यात लोकल म्हटली की ती लोणावळ्याची. १९७८ पासून धावतेय. सुमारे ६४ किलोमीटर, दोन्ही टोकं धरून सतरा स्थानकं. हा उपनगरीय मार्ग आहे, म्हणजे भाडं, पास आणि गाडीची रचना रोजच्या प्रवाशाचा विचार करून ठरते. पुणे–दौंड सुमारे ७५ किलोमीटर: हडपसर, मांजरी बुद्रुक, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. या मार्गावर डेमू आली, मग विजेवरची मेमू आली, पण उपनगरीय दर्जा नाही. त्यामुळे आपण तिला कितीही लाडानं लोकल म्हटलं तरी रेल्वेच्या कागदावर ती पॅसेंजरच्याच पंगतीत बसते.

तिसरी बाजू मिरजेकडची. घोरपडी, सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी. फुरसुंगी–उरुळी देवाची भागात एवढे टॉवर उभे राहिलेत, की या मार्गाची मागणीही जोर धरणारच. नव्यांसाठी दोन सूचना. सासवड रोड स्थानकात उतरून सासवड दिसत नाही. आणि इथली आळंदी म्हातोबाची, माउलींची नव्हे. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

आणखी एक घोळ मिटवून टाकू. मेट्रो वेगळी, लोकल वेगळी. रामवाडीची मेट्रो वाघोलीकडे कधी जाणार, हा महामेट्रोला विचारायचा प्रश्न. हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. दौंडकडची लोकल मध्य रेल्वेच्या पुणे विभागाची. मेट्रोच्या अधिकाऱ्यापुढे लोकलचं निवेदन घेऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना चहा मिळाला, बाकी काही नाही.

मागणी एका वाक्यात बसवा

इथं बहुतेक जण घसरतात. पहिल्याच बैठकीत यादी तयार होते: दर पंधरा मिनिटांना लोकल, उपनगरीय दर्जा, बारा डबे, सरकते जिने, महिला डबा, तिसरी-चौथी मार्गिका, शिवाय जमलं तर आपल्या सोसायटीजवळ नवीन स्थानक. अशी यादी वाचणाऱ्या अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. त्यातली सगळ्यात महाग मागणी उचलायची आणि तिच्यामुळे सगळंच अशक्य आहे असं कळवायचं.

मागण्यांना पायऱ्या असतात, त्या ओळखा. सगळ्यात खालची पायरी म्हणजे आहे त्या गाडीची वेळ वीस मिनिटं पुढंमागं करणं, किंवा सुटून गेलेला थांबा परत मिळवणं. त्यावर आहे त्याच रेकची, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचाची, एखादी जादा फेरी. त्यावर नवा रेक आणून नव्या फेऱ्या, किंवा लोणावळ्याची लोकल पुण्यात न संपवता थेट पुढं सोडणं. त्यावर उपनगरीय दर्जा, जो धोरणाचा आणि भाड्याचा विषय आहे. सगळ्यात वर नवे रूळ. खालच्या पायरीचा निर्णय रेल्वेच्या विभागात आणि त्यावरच्या झोनमध्ये, म्हणजे मध्य रेल्वेत, होऊ शकतो, वरच्या पायरीला दिल्ली आणि मुंबई दोन्ही लागतात.

आमचं पहिलं वाक्य असं होतं: ‘पुणे ते दौंड मार्गावर लोकल सेवा तातडीने सुरू करावी.’ दोन वर्षं ते घेऊन फिरलो. नंतरचं वाक्य साधारण असं झालं: ‘सकाळी सात ते नऊ या वेळेत उरुळीहून पुण्याकडे एक जादा फेरी, आणि संध्याकाळी साडेसहानंतर पुण्याहून एक परतीची फेरी.’ हे वाक्य ऐकून बैठकीतल्या दोघांचे चेहरे पडले, ‘एवढंच?’ म्हणून. पण या वाक्यावर रेल्वेला हो किंवा नाही म्हणावं लागतं. पहिल्यावर नुसती मान हलवली तरी चालत होतं.

मोठं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. ते फाइलच्या मागच्या कप्प्यात ठेवा.

कोणाच्या दारात जायचं

पुणे विभाग १९९६ मध्ये झाला. त्याचे प्रमुख म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक, बोलीभाषेत डीआरएम. त्यांच्या वर मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक, मुंबईत सीएसएमटीला. त्यांच्या वर दिल्लीचं रेल्वे बोर्ड. वेळापत्रक, फेऱ्या आणि गाड्यांची धाव हे परिचालन विभागाचं काम. पास, तिकीट, उत्पन्न हे वाणिज्य विभागाचं. फलाट आणि पूल अभियांत्रिकीचं. निवेदन डीआरएमच्या नावानं लिहा, पण त्याची एक प्रत संबंधित शाखेलाही द्या. फाइल शेवटी तिथंच वाचली जाते.

विभागाची हद्द तपासायला विसरू नका. दौंड स्थानक २०२४ पर्यंत सोलापूर विभागात होतं. म्हणजे पुण्याहून सुटणारी गाडी एका विभागातून निघून दुसऱ्याच्या अंगणात संपायची. जुन्या पत्रांमध्ये ‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’ असं उत्तर दिसलं तर ते निवेदन आता पुन्हा पाठवण्यासारखं आहे.

मग खासदार. हडपसर विधानसभा शिरूर लोकसभेत येते. लोणी काळभोर, उरुळी कांचनचा पट्टा शिरूर विधानसभेत, म्हणजे तोही शिरूर लोकसभेतच. यवत, केडगाव, पाटस हे दौंड विधानसभेत, म्हणजे बारामती लोकसभेत. आणि गाडी जिथं जाते ते पुणे स्टेशन पुणे लोकसभेत. एका मार्गाला तीन खासदार! नव्या माणसाला ही अडचण वाटते. मला तर हे घबाड वाटतं. लोकसभेत तोच प्रश्न तीन जण विचारू शकतात, आणि एकानं विचारला तर बाकीच्या दोघांना शांत बसणं अवघड जातं.

विभागाची आणि झोनची रेल्वे सल्लागार समिती असते. तिच्यावर प्रवासी संघटना, व्यापारी-उद्योजकांच्या संस्था, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली माणसं असतात. तुमच्या भागातलं कोण सदस्य आहे ते शोधा. बैठकीआधी विषय लेखी द्यावे लागतात आणि त्यावर रेल्वेचं लेखी उत्तर येतं. आपल्याला हवा असलेला कागद फुकटात मिळण्याची ही सगळ्यात सोपी जागा. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. उद्योगांची अशी संस्था ‘कामगार वेळेवर पोचत नाहीत’ म्हणाली, तर ते आपल्या ‘आम्हाला त्रास होतो’ पेक्षा जड पडतं. पटत नाही, पण असंच आहे.

मोजा. अंदाज सांगू नका

‘रोज हजारो प्रवासी’ हा शब्दप्रयोग कायमचा टाकून द्या. किती हजार? कोणत्या गाडीला? कुठं चढले?

मोजणीला फार काही लागत नाही. वही, पेन आणि सकाळी लवकर उठणारी चार माणसं पुरतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे सलग तीन दिवस घ्या. गणपतीचे दिवस, वारीचे दिवस, दाट लग्नतिथी आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा. फलाटाच्या प्रत्येक वाटेवर एक जण उभा राहील. गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, चढलेले, उतरलेले, आणि जागा न मिळाल्यानं राहिलेले, असे पाच रकाने. शेवटचा रकाना कोणी भरत नाही, आणि साहेब नेमका तोच वाचतात.

पण गाडीत असलेले लोक मोजून निम्मंच काम होतं. गाडी नाही म्हणून जे रस्त्यानं जातात ते कुठं मोजले जाणार? त्यासाठी थेऊर फाटा, लोणी स्टेशन चौक, मांजरी फाटा इथल्या बस थांब्यांवर त्याच वेळेत उभं राहा. पीएमपीची बस, सहा आसनी रिक्षा, वडाप, कंपनीची बस, दुचाकी असे वेगवेगळे आकडे लिहा. दुचाकीवाल्यांना थांबवून विचारू नका, शिव्या बसतात. त्यांना सोसायटीत, पेट्रोल पंपावर किंवा रविवारी विचारा. तीनच प्रश्न: कुठून कुठं जाता, किती वाजता, आणि स्टेशनपासून पुढं कसे जाल. तिसऱ्या प्रश्नानं बरीच हवा निघते. मगरपट्ट्याला किंवा खराडीला जाणाऱ्याला हडपसर स्थानकात उतरून पुढची बसच नसेल, तर तो लोकलनं येणार नाही. तो आकडा प्रामाणिकपणे वजा करा. पीएमपीला जोडबस मागणारं दुसरं निवेदन त्यातूनच तयार होतं.

तिकिटाचं बोलायलाच हवं. आपल्याकडं छोट्या स्थानकावर ‘कोण बघतंय’ म्हणून विनातिकीट चढणारे कमी नाहीत. रेल्वे थांब्याची आणि फेरीची किंमत तिकीटविक्रीवरून करते. विनातिकीट प्रवासी तिच्या हिशेबात जन्मालाच आलेला नसतो. म्हणून मोहिमेचं पहिलं काम पास काढायला लावणं. खिडकी बंद असेल तर ॲपवर काढा, पण आपल्या स्थानकापासूनचाच काढा. आमच्या गटात एक नियम आहे: पास दाखवल्याशिवाय निवेदनावर सही नाही. सह्या कमी होतात, पण ज्या होतात त्यांच्यासमोर पास क्रमांक असतो. अशा कागदाला कोण काय म्हणणार?

निवेदन, पोच आणि माहिती अधिकार

निवेदन एका पानाचं. वर विषय, खाली एका वाक्यातली मागणी, मग मोजणीचे आकडे, मग ‘मागणी मान्य करणे शक्य नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत ही विनंती’. हे शेवटचं वाक्य काही झालं तरी गाळू नका. बाकीचं सगळं जोडपत्रात. ‘जनतेचा अंत पाहू नये’ वगैरे लिहायची खुमखुमी येते. ती बॅनरसाठी राखून ठेवा.

दोन प्रती घेऊन जा. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आमचं सुरुवातीचं एक निवेदन एका कार्यालयात ‘ठेवा तिथं, साहेब आल्यावर देतो’ या प्रेमळ शब्दांवर विसंबून ठेवलं होतं. चार महिन्यांनी विचारायला गेलो तर असं काही आलंच नव्हतं. चूक आमची होती.

पंचेचाळीस दिवस वाट बघा. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. पुण्यातल्या लोकांना हे शस्त्र नवीन नाही, पण रेल्वे केंद्राची आहे हे विसरून पुष्कळ अर्ज परत येतात. राज्याच्या कार्यालयाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. केंद्राला तो स्टॅम्प चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर पैसे भरा. तिथं शब्दमर्यादा पाचशेची. उत्तराची मुदत तीस दिवस, आणि पहिलं अपीलही तीस दिवसांत करायचं.

प्रश्न विचारण्याची एक रीत आहे. ‘जादा फेरी का सुरू करत नाही?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा अस्तित्वात असलेली नोंद देतो, मत देत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दिनांक अमुक, आवक क्रमांक अमुक या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात.’ ‘मागील तीन वर्षांत लोणी स्थानकावर महिनानिहाय किती तिकिटे व पास विकले गेले त्याची नोंद द्यावी.’ ‘सकाळी सहा ते दहा या वेळेत हडपसर–उरुळीदरम्यान धावणाऱ्या सर्व प्रवासी गाड्यांची यादी द्यावी.’ कोरडं वाटतं, पण कागद असेच हाताला लागतात.

महापालिकेशी संबंधित कागद, म्हणजे स्थानकाकडचा रस्ता, उड्डाणपूल, विकास आराखड्यातलं आरक्षण, यासाठी अर्जाचीही गरज नसते. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघता येतात. डबा खाऊन जा, तीनला पोचा, फोटो काढायची परवानगी विचारा.

नकार आला. आता वाचा

आमच्या हाती पहिलं लेखी ‘नाही’ आलं त्या दिवशी आम्ही लोणी स्टेशनबाहेर भजी खाल्ली. लोकांना वाटलं मागणी मान्य झाली.

नकाराची कारणं साधारण पाच-सहाच असतात. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, म्हणून पुढची पायरीही वेगळी.

*रेक उपलब्ध नाही.* म्हणजे गाडी नाही. रेक झोनला बोर्डाकडून मिळतात, तेव्हा विभागाशी भांडण्यात अर्थ नाही. हा विषय खासदारामार्फत दिल्लीला न्यायचा. पण त्याआधी आहे तो रेक दिवसभर काय करतो ते तपासा. सकाळची गाडी पुण्याला पोचल्यावर दुपारपर्यंत उभी असेल, तर ‘याच रेकची एक फेरी’ मागता येते. स्थानकावर बसून दोन दिवस गाडी क्रमांकाऐवजी डब्यांचे क्रमांक टिपले की हे कळतं. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते केलं. त्यांना पेन्शन होती आणि चिकाटी होती.

*पाथ उपलब्ध नाही.* हे सगळ्यात जड कारण, आणि पुष्कळदा खरंही. दौंडचा मार्ग म्हणजे मुंबई–चेन्नईचा मुख्य मार्ग. त्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, मालगाड्या आहेत, देखभालीचे ब्लॉक आहेत. प्रत्येक गाडीला रुळावर वेळेची एक फट लागते, तिला पाथ म्हणतात. आपली गाडी प्रत्येक स्थानकावर थांबणार, म्हणून तिला मोठी फट लागते. इथं ‘आम्हाला काही माहीत नाही, गाडी द्या’ म्हणण्यापेक्षा वेळेत लवचीकपणा दाखवा. सात वीसला नाही जमत, तर सहा पन्नासला जमेल का, असं विचारा. आमच्यातल्या पासधारकांना विचारलं तर निम्म्यांना सहा पन्नासही चालत होती.

*पुणे स्थानकात फलाट मोकळा नाही.* पुण्याला सहाच फलाट. यावर उत्तर हडपसर. ते उपटर्मिनल म्हणून वाढवलं जातंय, त्यामुळे हडपसरला संपणारी फेरी चालेल का, हे आपणच सुचवायचं. अर्थात मग हडपसर स्थानकापासून पुढं बस हवी. मोजणीतला तो तिसरा प्रश्न आठवतोय ना?

*फलाटांची उंची किंवा लांबी.* लोणावळ्याच्या ईएमयू लोकलला पायऱ्या नसतात, तिला उंच फलाट लागतो. मेमूला पायऱ्या असतात, ती खालच्या फलाटावरही चालते. तेव्हा ‘लोणावळा–दौंड थेट लोकल’ मागणाऱ्यांनी आधी आपल्या मार्गावरचा एकेक फलाट बघून यावं. कोणता उंच, कोणता लांब, छप्पर कुठं. फोटोंसह तक्ता केला की तोच पुढच्या निवेदनाचा विषय होतो. फलाट उंच करणं हे तुलनेनं छोटं काम आहे आणि एकेका स्थानकासाठी सुटं मागता येतं.

*आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही.* मग तुमचे पास आणि मोजणी बाहेर काढा.

*धोरणात्मक बाब.* याचा अर्थ, पत्र चुकीच्या दारात गेलं. उपनगरीय दर्जा याच वर्गात येतो. त्याला उदाहरण द्यायचं ते विरार–डहाणूचं. तिथं पूर्वी शटल आणि पॅसेंजरवर भागत होतं, २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली.

पैसा कोणाचा, हे विचारायला लाजू नका

नवे रूळ हवे असतील तर खर्चाचा वाटा हा खरा प्रश्न असतो. मुंबईसाठी १९९९ मध्ये स्वतंत्र मुंबई रेल्वे विकास महामंडळ झालं आणि तिथले प्रकल्प रेल्वे आणि राज्य मिळून करतात. पुण्यासाठी तसं उपनगरीय महामंडळ नाही. लोणावळा मार्गाच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची चर्चा इतकी वर्षं लोंबकळली, त्यात ‘स्थानिक वाटा कोण देणार’ हा मोठा भाग होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्या कामाला मान्यता दिली. त्यात पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका आणि पीएमआरडीए यांनाही खिशात हात घालायचा आहे. म्हणून नगरसेवकाला ‘रेल्वे आमचा विषय नाही’ म्हणू देऊ नका. आहे.

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. त्यानंतर कोणत्या झोनला कोणत्या कामासाठी किती पैसे, हे सांगणारं पिंक बुक येतं. आपल्या भागाचं काम त्यात दिसलं की पेढे वाटायची घाई होते. आधी समोरचा आकडा बघा. पुष्कळ कामांपुढं नाममात्र हजार रुपये असतात, म्हणजे यादीतलं नाव जिवंत ठेवलंय एवढंच. आणि १ फेब्रुवारीला काही यावं असं वाटत असेल तर खासदारांकडं दिवाळीच्या आसपास जायला हवं. जानेवारीत जाणारे फक्त फोटो काढून येतात.

खासदारांकडं जाताना भाषण नेऊ नका, तयार प्रश्न न्या. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, नियम ३७७ खाली विषय मांडता येतो. त्यांच्या स्वीय सहायकाला टाइप केलेला मजकूर मोबाइलवर मिळाला, तर काम होण्याची शक्यता कितीतरी वाढते. आणि श्रेयाचा मुद्दा आधीच मनात मिटवून टाका. गाडी सुटली की फ्लेक्स त्यांचाच लागणार, हिरवा झेंडा तेच दाखवणार. आपण डब्यात बसायचं.

गाव आणि सोसायटी

हा भाग सगळ्यात नाजूक, आणि नवीन लोक इथं सगळ्यात जास्त चुकतात. तुम्ही येण्याआधी पन्नास वर्षं या गाडीनं दूध, भाजी, गूळ आणि कॉलेजची पोरं पुण्याला जात होती. यवत-केडगावच्या माणसाला गाडीच्या वेळा पाठ आहेत. मधल्या स्थानकांचे थांबे कमी करून ‘फास्ट लोकल’ मागणारा सोसायटीचा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला, की तुमची मोहीम दोन तुकड्यांत मोडली समजा. आमची एकदा मोडली होती. केडगावच्या एका मावशींनी बैठकीत सरळ विचारलं, ‘तुमचं घर आलं म्हणून आमचं स्टेशन गेलं का?’ कोणाला उत्तर देता आलं नाही. मसुदा फाडला आणि पुन्हा लिहिला.

बैठका क्लबहाउसमध्ये घेऊ नका. स्टेशनबाहेर, देवळाच्या सभामंडपात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये घ्या. मराठीत बोला. ज्यांना येत नाही त्यांच्या शेजारी समजावून सांगणारा बसवा. शिष्टमंडळात पाचच जण पुरे: एक पासधारक बाई, एक विद्यार्थी, एक शेतकरी किंवा दूधवाला, एक नोकरदार, आणि कागद सांभाळणारा. बोलणारा एकच असावा, आणि तो शक्यतो बाई असावी. सकाळी सातच्या गाडीत बाईला काय सोसावं लागतं, ते तिनं सांगितल्यावर केबिनमध्ये कोणी फोन बघत नाही.

विरोधकही असतात. फेऱ्या वाढल्या की रेल्वे फाटक जास्त वेळ बंद राहणार. घोरपडीच्या फाटकावर तासन्‌तास घालवलेल्या माणसाला लोकलचं कौतुक ऐकवून बघा! त्यांचं खरं आहे. म्हणून जिथं फाटक आहे तिथं जादा फेरीबरोबर उड्डाणपुलाची किंवा भुयारी मार्गाची मागणीही आपल्याच निवेदनात घाला. विरोधकाचीही सही मिळते.

रेल रोको मात्र नको. सभेत कोणीतरी तरुण उठून ते सुचवतोच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७४ प्रमाणे गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय कोर्टाच्या तारखा. रुळावर बसलेल्या पोराचं पोलीस पडताळणीचं काम अडकतं आणि सुचवणाराही मोकळा राहत नाही. स्थानकाच्या आवारात सह्या घ्यायच्या असतील तरी आधी स्टेशन मास्तरांना भेटा. बाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

फाइल

नवी मुंबईतल्या उरण मार्गाची लांबी सत्तावीस किलोमीटर. सिडको ६७ टक्के खर्च देणार आणि रेल्वे ३३, म्हणजे पैशाचाही प्रश्न कागदावर मिटलेला. मंजुरी नव्वदच्या दशकातली, खारकोपरपर्यंत गाडी गेली नोव्हेंबर २०१८ मध्ये, उरणला पोचली जानेवारी २०२४ मध्ये. नवे रूळ मागणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. जादा फेरीला इतका वेळ लागत नाही, पण दोन-तीन वर्षं सहज जातात. तेवढ्यात डीआरएम बदलतात, खासदार बदलतात, आणि तुमच्या गटातले निम्मे लोक खराडीला फ्लॅट घेऊन निघून जातात.

म्हणून सगळे मूळ कागद एका बॉक्स फाइलमध्ये, तारखेच्या क्रमानं, आणि पहिल्या पानावर यादी. स्कॅन करून दोघांकडं ठेवा. फाइल सांभाळणारा गावातलाच असावा, भाड्यानं राहणारा नको. आमची फाइल आता तिसऱ्या घरात आहे, लोणीतल्या एका मावशींकडं, तांदळाच्या डब्यावर. कोणी नवा माणूस ‘लोकल का नाही’ म्हणत आला, की आम्ही त्याला आधी तिथं पाठवतो. मावशी चहा टाकतात आणि फाइलमधला पहिला नकार काढून त्याच्या हातात देतात.